गोव्याच्या फेऱ्या किती? बेळगावच्या एका भाजी-पिकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावातल्या एका पतसंस्थेत वाहनकर्जाचे अर्ज तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. खाली मांडलेलं प्रकरण एका शेतकरी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितोय. नावं आणि गाव दिलेलं नाही, आकडे थोडे गोल केलेत. या कर्जाची शिफारस मीच केली होती, त्यामुळे यात जे चुकलं त्यातला एक वाटा माझाही आहे.

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला, उचगावच्या पट्ट्यातलं हे घर. दोघे भाऊ, एकत्र कुटुंब, तीन एकर बागायत. बटाटा, रताळी, कोबी, वर मेथी-कोथिंबीर. स्वतःचा माल असतोच, शिवाय शेजारपाजारच्या पाच-सहा घरांचा मालही तेच उचलतात. त्यांची कामं दोन. रोज पहाटे बेळगावचा भाजी बाजार आणि तिथून शहापूर, टिळकवाडी, कॅम्प भागातल्या खानावळी आणि दुकानांना माल पोचवणं, हे एक. दुसरं, चोर्ला घाटातून म्हापशाला माल नेणं. गोव्याच्या बाजारात बेळगावची भाजी पिढ्यान्‌पिढ्या जाते. मध्यरात्री निघायचं, उजाडायच्या आत तिथं पोचायचं आणि दुपारपर्यंत घरी, असा तो क्रम.

गाडी होती २०१२ सालची, दोन सिलिंडरची, केए-२२ पासिंगची. ज्याला सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतात ती. डिझेलच. अकरा वर्षं तिनं घर चालवलं. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं, आणि दर वेळी खर्च वाढत चालला होता. इंजिन धूर सोडायचं, सकाळी थंडीत सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची.

अडचण

२०२३ च्या नोव्हेंबरात दोघे भाऊ माझ्याकडे आले. नवी गाडी घ्यायची हे ठरलेलं होतं, वाद होता इंजिनाचा. थोरल्यांना १.३ टनाची डिझेल पिकअप हवी होती, ऑन रोड साडेनऊ लाखांच्या घरातली. धाकट्याला ७५० किलोची पेट्रोल मिनी ट्रक हवी होती, सहा लाखांची.

“घाटात पेट्रोलचं काय काम, साहेब? डिझेल वडतंय,” थोरले म्हणाले.

धाकटा हळूच म्हणाला, “दादा, घाट चढताना आपली गाडी रिकामी असते की.”

या एका वाक्यावर मी तिथंच थांबायला हवं होतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हापसा जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. भरलेली गाडी जांबोटी, कणकुंबी करत घाटमाथ्यापर्यंत चढउताराने जाते आणि चोर्ल्याला खाली उतरते. मोठी चढण लागते ती साखळीकडून परत येताना, आणि तेव्हा हौद्यात रिकाम्या क्रेटशिवाय फारसं काही नसतं. कधीमधी नारळ, एवढंच. उतारावर गाडी धरतात ते गियर आणि ब्रेक. म्हणजे ‘घाट आहे म्हणून डिझेल’ हा युक्तिवाद त्यांच्या मार्गाला नीट लागूच होत नव्हता. कोकणातून वर माल आणणाऱ्याला तो लागू होतो.

डिझेलचा खरा फायदा दुसरीकडे आहे. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्के जास्त ऊर्जा असते. इंजिनात हवा जास्त दाबली जाते, त्यामुळे तेवढ्याच इंधनातून काम जास्त निघतं. इंजिन सावकाश फिरत असतानाच जोर मिळतो, म्हणून भरलेल्या गाडीला क्लच कमी भाजावा लागतो. हे सगळं खरं. पण त्याची किंमत गाडी घेताना मोजावी लागते, आणि ती कशी वसूल होणार हा प्रश्न होता.

याला एक जुना संदर्भही आहे. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर होतं आणि डिझेल ४१ च्या आत. थोरल्यांनी जुनी गाडी घेतली ती त्या काळात. ऑक्टोबर २०१४ ला डिझेलचा दर सरकारने खुला केला आणि ती दरी भरत आली. २०२३ ला आमच्याकडे पेट्रोल १०२ च्या आसपास आणि डिझेल ८८ च्या आसपास होतं. थोरल्यांच्या मनातलं डिझेल अजून त्या जुन्या दरीतलं होतं.

समोरचे पर्याय

सीएनजीचा विचार लवकर मागे पडला. शहरात गॅस मिळत होता, पण चोर्ल्याच्या वाटेवर भरायची सोय नव्हती, आणि टाक्यांच्या वजनाने माल कमी बसतो. जुनी, बीएस-६ या धुराच्या कडक नियमांच्या आधीची डिझेल पिकअप घ्यावी असं गावातल्या एकाने सुचवलं होतं. गडहिंग्लजकडे एमएच-०९ ची एक गाडी स्वस्तात मिळत होती. सीमेवर हा मोह नेहमीचाच आहे. पण दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवली की नव्याने नोंदणी करावी लागते. एनओसी (ना-हरकत दाखला) आणि कर्नाटकाचा कर धरला की स्वस्ताई संपते. कागद अडकलेल्या अशा गाड्यांवर मी कर्ज देत नाही, तसं सांगितलं.

मग उरले दोनच: डिझेल पिकअप किंवा पेट्रोल मिनी.

मी त्यांना पंधरा दिवस वही ठेवायला सांगितली. किलोमीटर, वजन, किती ठिकाणी थांबलात, किती डिझेल घातलं. धाकट्याने शाळेच्या वहीत पेन्सिलीने सगळं नेटकं लिहून आणलं. त्यात एक गोष्ट उघड झाली, जी बोलताना दोघांनीही टाळली होती. गोव्याच्या फेरीला ७५० किलोच्या गाडीत ते अकराशे किलोपर्यंत माल भरत होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाचा दंड २० हजारांपासून सुरू होतो, आणि चोर्ल्याच्या वळणांवर भरलेली गाडी खाली उतरताना ब्रेक तापले तर दंडाचा विचार करायलाही कोणी उरत नाही. थोरल्यांचा ‘मोठी गाडी पाहिजे’ हा आग्रह इथं अगदी बरोबर होता. फक्त त्याचं कारण ते इंजिन सांगत होते, आणि खरं कारण वजन होतं.

हिशेब

वहीवरून महिन्याचं चित्र असं बनवलं. शहराच्या २६ फेऱ्या, प्रत्येकी ३८ किलोमीटर, म्हणजे ९९० किलोमीटरच्या आसपास. गोव्याच्या ८ फेऱ्या, जाऊन-येऊन २३० किलोमीटर.

आधी शहर. डिझेल पिकअप शहरात लिटरला १२ देईल असं धरलं. गाडीच मोठी आणि जड, त्यात १८ ठिकाणी थांबणं. पेट्रोल मिनी १४ देईल असं धरलं. ९९० किलोमीटरला डिझेलचे ७,२६० रुपये, पेट्रोलचे ७,२१०. म्हणजे शहरात फरक शून्य.

मग गोवा. दोन्ही गाड्यांना १५ चं ॲव्हरेज धरलं. पण डिझेलच्या दोन फेऱ्यांत जाणारा माल कायद्याच्या वजनात पेट्रोलच्या गाडीने न्यायचा तर तीन फेऱ्या लागतात. डिझेलची एक फेरी १,३५० रुपयांची, पेट्रोलच्या दीड फेऱ्या २,३५० च्या. फेरीमागे हजार रुपयांची बचत.

आणि किंमतीतला फरक साडेतीन लाखांचा. १० टक्के व्याजाने पाच वर्षांत त्याचा हप्ता महिन्याला ७,४०० च्या घरात जातो.

म्हणजे सगळा निर्णय एकाच आकड्यावर येऊन ठेपत होता. महिन्याला गोव्याच्या साडेसात फेऱ्या झाल्या तर डिझेल बरोबरीत, त्याहून जास्त झाल्या तर फायद्यात, कमी झाल्या तर तोट्यात. वहीत आठ होत्या.

इथं धाकट्याने आणखी एक मुद्दा काढला होता. गोव्यात पेट्रोल आमच्यापेक्षा लिटरमागे चार-पाच रुपयांनी स्वस्त, पेट्रोल गाडी तिथंच भरून आणता येईल. मी तो हाताने बाजूला सारला. तो धरला असता तर फेरीमागची बचत नऊशेच्या आसपास आली असती आणि बरोबरीला आठच्या वर फेऱ्या लागल्या असत्या. काठावरच्या हिशेबात शंभर रुपयेही मोठे असतात.

घेतलेला निर्णय

जानेवारी २०२४ मध्ये डिझेल पिकअप आली. मी शिफारस लिहिताना दोन कारणं दिली: गोव्याच्या फेऱ्या पुरेशा आहेत, आणि जादा वजनाचा धोका संपतो. दुसरं कारण आजही मला पटतं. पहिल्याबद्दल पुढे लिहितो.

गाडी घरी आली त्या दिवशी थोरल्यांनी बोनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. नव्या इंजिनावर जी झाकणं, नळ्या आणि वायरी होत्या त्यातलं जुन्या गाडीत फारसं काही नव्हतं. “ह्यात हात घालायला जागाच नाही,” एवढंच ते बोलले.

एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं, तेव्हापासून नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा एक फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी साठली की गाडी स्वतःच ती जाळते. त्यासाठी धूर साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो, म्हणून इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं, आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत चालत राहावी लागते. मध्येच चावी फिरवली की काम अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. शहरात १८ ठिकाणी थांबणाऱ्या गाडीला ती पंधरा मिनिटं कुठून मिळणार?

छोट्या गाड्यांच्या बाजारात हे काहींनी आधीच ओळखलं होतं. मारुतीने २०१६ मध्ये सुपर कॅरी आणली ती ७९३ सीसीच्या डिझेल इंजिनासह. बीएस-६ आलं तेव्हा कंपनीने आपली डिझेल इंजिनंच बंद केली आणि ती गाडी पेट्रोल-सीएनजीवर राहिली. छोट्या इंजिनावर ही धूर साफ करणारी यंत्रणा बसवायची तर गाडीच्या किंमतीच्या मानाने खर्च फार होतो. माझ्यासारख्या कर्ज तपासणाऱ्याला हे माहीत होतं, पण ते मी त्यांच्या रोजच्या ३८ किलोमीटरशी जोडून पाहिलं नाही.

पुढे काय झालं

मे अखेरपर्यंत सगळं उत्तम. गोव्याच्या आठ, कधी नऊ फेऱ्या. जाताना-येताना गाडी तापायची, काजळी वाटेतच जळून जायची, कुणाला काही कळायचंही नाही.

जूनमध्ये पाऊस लागला. आमच्या भागात पावसाळ्यात पालेभाजी कुजते, गोव्यात हंगाम संपलेला, हॉटेलांची मागणी उतरते, घाटात धुकं आणि दरडी. तीन आठवड्यांत गोव्याची एकही फेरी झाली नाही. गाडी रोज फक्त बाजार, शहापूर, टिळकवाडी, घरी. १५ जूनला कर्नाटक सरकारने विक्रीकर वाढवला आणि डिझेल ३ रुपये २ पैशांनी महागलं. घरात चर्चा त्याचीच चालली होती. मला पुढे लक्षात आलं की तो मुद्दा गौण होता. दोन्ही इंधनांचे नवे दर घालून पाहिलं तरी गोव्याच्या फेरीमागची बचत हजाराच्या आसपासच राहत होती.

जुलैत एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. थोरल्यांनी तो नऊ दिवस तसाच ठेवला. जुन्या गाडीत असले दिवे नव्हते, आणि गाडी चालत होती. त्यांनी सवयीप्रमाणे डिपस्टिक मात्र रोज पाहिली. जुनी गाडी ऑइल खायची, म्हणून अकरा वर्षांची ती सवय. नव्या गाडीचं ऑइल कमी होत नव्हतं, उलट वरच्या खुणेच्या वर बोटभर चढलं होतं. इंजिन उत्तम आहे असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. त्या डिपस्टिकला डिझेलचा वास येत होता. धाकट्याने तो घेतला, पण त्यालाही अर्थ लागला नाही.

मग गोव्याची एक ऑर्डर आली. रात्री दीड वाजता, धो धो पावसात, जांबोटीच्या पुढे गाडीचा जोर एकदम गेला. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी सायकलच्या वेगाने सरकायची. इंजिन स्वतःला वाचवायला जोर कापतं तो प्रकार. त्या काजळीला आता साधं चालवून जाळणं शक्य नव्हतं, मर्यादा ओलांडली होती. आत हजार किलो माल, त्यात दीडशे जुड्या कोथिंबीर. दुसऱ्या गाडीची सोय होईपर्यंत उजाडलं. कोथिंबीर गेली, कोबी कसाबसा विकला. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून उभ्या गाडीत फिल्टर जाळून घ्यावा लागला, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावे लागले. बिल सात हजारांच्या आत होतं. मालाचं नुकसान त्याहून जास्त झालं.

ऑगस्टमध्ये हप्ता थकला, आणि दोघे परत माझ्यासमोर बसले. थोरले आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “साहेब, डिझेल वाईट म्हणू नका. आमची जुनी गाडी अकरा वर्षं चालली.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांचा डिझेलचा अनुभव पूर्ण खरा होता, फक्त तो फिल्टर नसलेल्या २०१२ च्या गाडीचा होता.

गाडी विकायची का, हा प्रश्न निघाला. सहा-सात महिन्यांच्या गाडीला बसणारा घसारा पाहिला तर विकणं म्हणजे आणखी दीड-दोन लाख पाण्यात. मी नको म्हटलं. इंजिन कामाला जुळत नसेल तर इंजिन बदलण्याआधी काम बदलून पाहूया, असं ठरलं. शेजारच्या वाडीत एकाकडे पेट्रोलची मिनी ट्रक आहे. तोही रोज शहरात जातो आणि गोव्याला त्याचा माल दुसऱ्याच्या गाडीतून जायचा. त्याच्याशी बोलणं झालं. यांचे शहराचे क्रेट तो नेणार, क्रेटमागे ठरलेला दर. त्याचा गोव्याचा माल हे नेणार, त्याच हिशेबाने. शिवाय आणखी दोन घरांचा माल जोडला. डिझेल पिकअप आता आठवड्यातून दोनदाच शहरात जाते, आणि त्यातल्या एका दिवशी तिथून महामार्गाने संकेश्वरच्या बाजाराला. हत्तरगीचा टोलनाका ओलांडेपर्यंत ती चांगली तापलेली असते.

त्या वर्षीच्या हंगामात गोव्याच्या फेऱ्या महिन्याला दहापर्यंत गेल्या. दिवा पुन्हा लागला नाही. थकलेला हप्ता जानेवारीपर्यंत भरून निघाला. फायदा झाला म्हणता येणार नाही, पण गाडी स्वतःचा बोजा उचलू लागली. एप्रिल २०२५ ला डिझेलवरचा कर पुन्हा वाढला, दोन रुपयांनी. या वेळी घरात त्यावर फार बोलणं झालं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ऑगस्टमधल्या त्या बैठकीनंतर मी त्यांच्या घरी गेलो होतो. माजघरात देवळीशेजारी खिळ्याला एक तार टांगलेली होती आणि तिला म्हापशाच्या व्यापाऱ्याच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, ओवलेल्या होत्या, मागच्या दोन वर्षांच्या. प्रत्येक फेरीची एक पट्टी. कडा पिवळ्या पडलेल्या, काहींवर हळदीची बोटं. आम्ही जमिनीवर बसून २०२३ च्या मोजल्या. हंगामाच्या आठ महिन्यांत ६४, पावसाच्या चार महिन्यांत फक्त ११. वर्षाच्या ७५. म्हणजे महिन्याला सव्वासहा.

साडेसात हव्या होत्या. उत्तर त्या तारेला टांगलेलं होतं आणि मी नोव्हेंबरमधल्या पंधरा दिवसांवर पाच वर्षांचं कर्ज लिहिलं.

एवढ्यावरून डिझेल घ्यायलाच नको होती असं मी म्हणणार नाही. महिन्याला बाराशे-तेराशेचा तोटा काही घरं जादा वजनाच्या धोक्यापासून सुटण्यासाठी आनंदाने सोसतील, आणि ते चुकीचंही नाही. पण तो तोटा माहीत असून स्वीकारणं वेगळं. शेजाऱ्याबरोबरची वाटणी आम्ही गाडी घेण्याआधीच बोललो असतो तर कोथिंबीर वाचली असती, आणि कदाचित पेट्रोल मिनी घेऊन गोव्याला शेजाऱ्यांनी मिळून मोठी गाडी भाड्याने करायची, हा तिसरा रस्ताही दिसला असता. तो आम्ही कधी मोजलाच नाही.

एक गोष्ट तर फुकटात झाली असती. गाडी देताना शोरूममध्ये कुणी थोरल्यांना मराठीत नीट सांगितलं असतं की हा पिवळा दिवा लागला तर गाडी बंद न करता महामार्गावर वीस मिनिटं एका वेगात चालवा, आणि ऑइल वर चढलं तर ते चांगलं लक्षण नाही, तर जांबोटीची ती रात्र आलीच नसती. माहितीपुस्तिका होती, इंग्रजी आणि हिंदीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत सीटखाली. आता डिझेल गाडीचं कर्ज मंजूर झालं की या दोन गोष्टी मी स्वतः सांगतो, आणि घरात जो रोज गाडी चालवणार त्याला समोर बसवून सांगतो.

अर्जाबरोबर आता मी बारा महिन्यांच्या पट्ट्या किंवा भाड्याच्या पावत्या मागतो. ज्याच्याकडे नसतात, त्याच्याशी बसून महिन्यावार आठवून लिहून घेतो, आणि पावसाळ्याचे महिने आधी विचारतो. रोजचं काम चाळीस किलोमीटरच्या आत आणि थांबे जास्त असतील तर डिझेलसाठी त्याने मला कारण द्यावं लागतं. फक्त ‘वडतंय’ हे पुरत नाही.

मागच्या महिन्यात धाकटा आला होता. शेजाऱ्याला आता शहराचा सगळा माल झेपत नाही, म्हणून स्वतःची पेट्रोल मिनी घ्यावी असा विचार आहे. थोरले सोबत होते. त्यांनी पिशवीतून ती तार काढून माझ्या टेबलावर ठेवली. हंगामाच्या पट्ट्या आम्ही तिथंच मोजल्या. पावसाळ्याच्या मोजायच्या राहिल्या आहेत, त्या झाल्या की अर्ज पुढे पाठवेन.